ढालकिड्याची अळी ओळखताना

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास आटोपला आणि चार महिने उंबरठ्याबाहेर राहिलेल्या पालेभाज्या आपल्या स्वयंपाकघरांत परतल्या. गेल्या पंधरवड्यातील गोष्ट. सूनबाई परातीत मेथीची जुडी सोडून निवडत बसली होती. जैन घरात भाजी निवडायला दुप्पट वेळ लागतो, हे वाचक भगिनींना सांगायला नको. प्रत्येक पान उलटायचे, उजेडात धरायचे, त्यावर एखादा जीव असला तर त्याला इजा न होता बाजूला करायचे आणि मगच देठ मोडायचा. तेवढ्यात तिने हाक मारली, "आई, जरा इकडे या. हे काय आहे?"

तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, राखाडी-काळ्या रंगाची, पाठीवर नारिंगी ठिपके असलेली एक अळी पानाच्या कडेवरून लगबगीने चालली होती. अंगभर बारीक काटेरी उंचवटे, शेपटीकडे निमुळते होत गेलेले शरीर आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेले सहा लांब पाय. एखादी सुसर नखाएवढी लहान करून पानावर सोडावी, तसे तिचे रूप.

"किती भयंकर दिसते! बाहेर तुळशीच्या कुंडीत सोडू का?" सूनबाईने विचारले.

मी म्हटले, "तुळशीत नको, तिथे ती उपाशी मरेल. गच्चीवर वालाच्या वेलाला काळा मावा लागला आहे ना, त्या शेंड्याजवळ सोड. ही ढालकिड्याची अळी आहे."

तिला ते खरे वाटेना. ढालकिडा, म्हणजे ज्याला आपली मुले लेडीबर्ड म्हणतात तो, तिला चांगला परिचित होता. नातवाच्या पुस्तकात तो आहे, त्याच्या दप्तरावर आहे, वाढदिवसाच्या केकवरसुद्धा एकदा येऊन गेला. लाल-नारिंगी, गोल, पाठीवर काळे ठिपके, अर्धा वाटाणा उपडा ठेवावा तसा. त्या गोंडस जिवाचे मूल असे असेल, ही कल्पना कोणाला करवत नाही. मलाही ती करवली नव्हती, आणि त्या अज्ञानाची किंमत माझ्या माहेरच्या शेताने मोजली. ती हकीकत आज सांगते.

माझे माहेर अकोट तालुक्यात. थोरले बंधू अजूनही कपाशी आणि तूर पेरतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पोळ्याला मी तिकडे गेले होते. कपाशी दोन महिन्यांची, कमरेला लागेल एवढी झाली होती. शेंड्यांवर मावा होता, काही पाने खालच्या बाजूस वळू लागली होती, चिकट्याने वरची पाने चकाकत होती. बंधूंनी एक पान तोडून माझ्यापुढे धरले. पानामागे माव्याच्या पुंजक्यात अशाच चार-पाच काळ्या अळ्या होत्या. "तू जीवशास्त्र शिकवतेस, सांग बरे हे काय?"

मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत शिकवीत असे. अंडे, अळी, कोष आणि प्रौढ कीटक हे चार टप्पे मी दरवर्षी फळ्यावर काढीत असे. मात्र ते नेहमी फुलपाखराचे असत. ढालकिडा त्याच चार टप्प्यांतून जातो हे मला पुस्तकात ठाऊक होते, पानावर नव्हते. मी ठासून म्हणाले, "अळी आहे, पाने खात असणार." औषधांच्या दुकानातूनही तोच निर्वाळा मिळाला. आमच्या म्हाताऱ्या सालदाराने तेवढे एक वाक्य उच्चारले होते, "थ्या अळ्या मावा खातात म्हन्तात, बाई." त्याच्याकडे आम्ही लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी फवारणी झाली.

मावा मेला, अळ्याही मेल्या. पहिला आठवडा सगळे समाधानात होते. मग मावा परत आला. माव्याच्या माद्यांना प्रजननासाठी नराची गरज लागत नाही. त्या थेट पिल्लांना जन्म देतात आणि ती पिल्ले आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत येण्यास अडीच-तीन आठवडे लागतात. राखणदार गेले आणि खाणारे उरले, अशी स्थिती आम्ही स्वतःच्या हातांनी आणली होती. दुसरी फवारणी करावी लागली, मग तिसरी. त्या वर्षीच्या क्षमावाणीला मी साऱ्या नात्यागोत्याची क्षमा मागितली. बंधूंचीही मागितली, पण कशाबद्दल ते बोलले नाही, कारण मलाच ते तोवर उमगले नव्हते. उमगले ते पुढल्या हिवाळ्यात, करडईच्या शेतात, तशीच एक अळी पानाला उलटी चिकटून कोष होताना पाहिली तेव्हा.

म्हणून ओळख नीट करून घेऊ या.

ढालकिड्याची मादी आपली अंडी बहुधा माव्याच्या जवळपास, पानाच्या मागच्या बाजूस घालते. पिवळी, दोन्ही टोकांना निमुळती, उभी मांडलेली दहा-वीस किंवा त्याहून अधिक अंड्यांची झुपकी असते. तीन-चार दिवसांत त्यांतून बारीक काळ्या अळ्या निघतात आणि पहिले काही तास त्या रिकाम्या टरफलांवरच घोळका करून बसतात. टरफले खातात, आणि न उबलेली भावंडांची अंडीही खातात. ही गोष्ट मी नातवाला सांगितली नव्हती; त्याने भिंगातून स्वतः पाहिली आणि बराच वेळ गप्प राहिला.

अळी वाढताना तीनदा कात टाकते, म्हणजे तिच्या बाल्याच्या चार अवस्था. पहिल्या अवस्थेत ती नुसती काळा ठिपका दिसते. रंगांची ओळख तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत पटते. आपल्या वऱ्हाडात कपाशी, चवळी, वाल यांवर जो ढालकिडा फार आढळतो, त्याच्या पिवळट-नारिंगी पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असतात. त्याची अळी काळपट असून तिच्या पाठीवर पांढरट-पिवळे पट्टे आणि डाग दिसतात. दुसरा एक, ज्याच्या लाल पाठीवर आडव्या काळ्या खुणा असतात, त्याची अळी गडद राखाडी असून तिच्यावर नारिंगी डाग असतात. सात ठिपक्यांच्या प्रसिद्ध ढालकिड्याची अळी निळसर राखाडी, नारिंगी ठिपक्यांच्या जोड्या असलेली. रंगावरून जात ठरविताना मीही चुकते. पण ढालकिड्याची अळी आहे की पाने खाणाऱ्या पतंगाची, हे ठरविताना चुकण्याचे कारण नाही, कारण त्यासाठी रंग पाहायचाच नसतो, पाय पाहायचे असतात.

पतंगाच्या अळीला डोक्यामागे तीन जोड्या बारीक पाय असतात, शिवाय पोटाखाली मऊ, मांसल, पायांसारखे आधार असतात. वरून पाहिले तर ते पाय दिसत नाहीत. ती अंग आकुंचित करीत, प्रसरण पावत, सरपटल्यासारखी जाते. ढालकिड्याच्या अळीला फक्त सहा पाय, तेही लांब आणि वरूनसुद्धा दोन्ही कडांना स्पष्ट दिसणारे. पोटाखाली मांसल आधार नाहीत. ती खरोखरच चालते, आणि चालताना डोके इकडेतिकडे फिरवीत माग काढते. पानावर बसून कडा कुरतडताना ती कधी दिसणार नाही. ती दिसते ते माव्याच्या पुंजक्यात तोंड खुपसून. तिच्या आसपास माव्याच्या रिकाम्या, सुरकुतलेल्या कातड्या पडलेल्या असतात.

तिचे हे बाल्य आठ-दहा दिवसांचे, थंडीत थोडे लांबते. एवढ्या दिवसांत एक अळी शेकडो मावा खाते आणि त्यांतला मोठा वाटा अखेरच्या अवस्थेत खाते. भुंगेरा उडू शकतो, आज या शेतात तर उद्या त्या. अळीला पंख नाहीत. ज्या झाडावर जन्मली ते झाड साफ करण्यावाचून तिला गत्यंतर नसते. ज्या रूपाचे आपण कौतुक करतो त्यापेक्षा ज्याला चिरडतो ते रूप अधिक कामाचे, असा हा प्रकार आहे.

मग एके दिवशी ती खाणे थांबवते, शेपटीचे टोक पानाला चिकटवते, कुबड काढून बसते आणि कात मागे सारून कोष होते. हा कोष रेशमात गुंडाळलेला नसतो, उघडाच असतो. नारिंगी, काळे डाग असलेला, तळाशी जुन्या काटेरी कातेची चुरगळलेली चुंबळ. काडीने स्पर्श केला तर तो झटकन वर उसळी घेतो. पानावर रोग आला असे समजून हे कोष नखाने खरवडून काढणारी माणसे मी पाहिली आहेत. चार-पाच दिवसांनी कोष फुटतो आणि बाहेर येणारा भुंगेरा अगदी फिकट पिवळा, बिनठिपक्यांचा असतो. ठिपके हळूहळू, काही तासांत उमटत जातात. आमच्या गच्चीवर हा सोहळा सकाळी सातला सुरू झाला आणि नातवाची शाळेची गाडी चुकली.

आता फसवणूक करणाऱ्या रूपांकडे वळू. त्यांत सर्वांत मोठे फसवे रूप खुद्द ढालकिड्याच्या कुळातलेच आहे.

वांग्याच्या पानांची जाळी झालेली तुम्ही पाहिली असेल. शिरा शिल्लक, मधला हिरवा गर खरवडून नेलेला. हे काम एपिलॅक्ना नावाच्या भुंगेऱ्याचे. तो ढालकिड्याचा सख्खा चुलतभाऊ, गोल, ठिपक्यांचा, पण शाकाहारी. त्याची पाठ तकतकीत नसते. तांबूस, मंद, बारीक लव असलेली दिसते. त्याची अंडीही पिवळी आणि उभीच. अळी मात्र फिकट पिवळी, लठ्ठ, संथ आणि अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांनी झाकलेली. ती माव्यापाशी सापडत नाही, पान खरवडताना सापडते. वांगे, बटाटा आणि काही वेलवर्गीय भाज्यांवर पिवळी काटेरी अळी दिसली, तर ती ही. आपल्या दृष्टीने पाहता या कुटुंबात शाकाहारी निघाला तोच शेतकऱ्याचा शत्रू ठरला, हा योगायोग मला नेहमी गंमतीचा वाटतो.

दुसरे फसवे रूप पांढरे. २००६-०७ च्या सुमारास कपाशीवर पिठ्या ढेकणाचा मोठा उपद्रव झाला, तो शेती असलेल्या घरांना आठवत असेल. जास्वंद, पेरू, सीताफळ यांवर तो आजही दिसतो. त्याच्या पांढऱ्या पुंजक्यांत कधीकधी लांब मेणचट झिरमिळ्या असलेला, जरा मोठा, जरा विस्कटलेला एक पांढरा जीव फिरत असतो. तीही ढालकिड्यांपैकी काही जातींची अळी. पिठ्या ढेकणाच्या कळपात त्याच्यासारखाच अंगरखा घालून वावरणारी. या गटातला क्रिप्टोलिमस हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीवरील खवले किडीसाठी तो १८९८ साली दक्षिण भारतात आणण्यात आला आणि आज पिठ्या ढेकणासाठी मुद्दाम वाढवून बागांत सोडतात. पैसे देऊन आणलेल्या अळ्या पिठ्या ढेकूण समजून पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढल्याची उदाहरणे द्राक्षाच्या गावांकडचे नातेवाईक सांगतात. परीक्षा सोपी आहे. गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करा. पिठ्या ढेकूण सहसा जागचा हलत नाही. अळी चालू लागते.

माव्यात आणखी दोघे जेवायला येतात. एक क्रायसोपाची अळी, बदामी-करडी, दोन्ही टोकांना निमुळती, तोंडाशी विळ्यासारखे दोन सुळे पुढे आलेले. दुसरी सिरफिड माशीची, हिरवट, बिनपायांची, गोगलगायीसारखी लिबलिबीत. या दोघीही मावाच खातात. तेव्हा माव्याच्या वस्तीत पान न कुरतडता फिरणारी कोणतीही अळी दिसली, तर हात आवरता घेतलेला बरा.

आणि एक निराळी. हिवाळ्यात बोरीच्या, भोपळ्याच्या पानांवर भुरी येते, पीठ भुरभुरल्यासारखी. त्या पांढऱ्या पानांवर पिवळट-पांढरी, काळ्या टिंबांच्या ओळी असलेली अळी आणि लिंबासारखा पिवळा भुंगेरा दिसतो. हा ढालकिडा पानही खात नाही आणि कीटकही खात नाही. भुरीची बुरशी खातो. आमच्या घरात मतदान घेतले तेव्हा सर्वाधिक मते यालाच पडली. बुरशीतही जीव असतो, असे सासऱ्यांनी लगेच सुनावले, ती गोष्ट वेगळी.

हे सारे पाहायला मेळघाटात जाण्याचे कारण नाही. परतवाड्याहून मुक्तागिरीच्या वाटेने जाताना रस्त्याच्या कडेची रुई बघा. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर हळदीसारखा पिवळा, काळ्या पायांचा मावा बसलेला असतो आणि त्यात ढालकिड्याची अंडी, अळ्या, कोष आणि भुंगेरे एकाच फांदीवर सापडू शकतात. रुईच्या चिकापासून मात्र डोळे सांभाळा. अकोल्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत करडईवर काळा मावा येतो. तिथेही हीच जत्रा. पूर्वी करडई आणि रब्बी ज्वारी आपल्याकडे अधिक असे, तेव्हा कपाशी उलगडल्यावर ढालकिड्यांना हिवाळ्याचे घर आपोआप मिळे. आता सोयाबीन आणि हरभऱ्याच्या रहाटीत ते घर आकसले आहे. बांधावर चवळी किंवा मक्याच्या ओळी लावाव्यात असे कृषी विद्यापीठ सांगत असते, त्यामागचे एक कारण हेच. चवळीवरचा मावा हा ढालकिड्यांचा शिधा. आणखी एक खूण सांगून ठेवते: झाडावर मुंग्यांची रांग वर चढत असेल तर वर मावा आहे असे समजावे. मुंग्या चिकट्याच्या लोभाने माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याच्या अळीला हुसकून लावतात. तेव्हा अळी शोधायची तर मुंग्यांची गर्दी नसलेला शेंडा धरावा.

संत्र्याच्या बागांत नवती फुटते तेव्हा कोवळ्या फुटीवर सायला ही कीड येते, आणि तिच्यामागोमाग याच अळ्या येतात. वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला आपण अभिमानाने विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणतो. खऱ्या कॅलिफोर्नियाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १८८० च्या दशकात तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका पांढऱ्या, कापसासारख्या खवले किडीने पोखरल्या होत्या. झाडे तोडून जाळण्याची वेळ आली होती. तेव्हा अल्बर्ट कोबेले नावाच्या संशोधकाला ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. त्याने १८८८-८९ च्या हिवाळ्यात तिथून एका ढालकिड्याचे नमुने बोटीने पाठविले. पहिल्या तीन खेपांत मिळून अवघे १२९. लॉस एंजलिसच्या एका संत्र्याच्या झाडावर तंबू ठोकून त्यांना आत सोडले. त्यांची प्रजा वाढली, ती बागाबागांतून वाटली गेली आणि दीडेक वर्षात बागा सावरल्या. पुढे तोच रोडोलिया भुंगेरा आपल्याकडे निलगिरीतही आणण्यात आला. या कथेतले बरेचसे काम तिथल्या अळ्यांनी केले होते, पण चित्रे भुंगेऱ्याचीच छापली गेली.

येथे एक गोष्ट मनमोकळेपणाने मांडली पाहिजे. मित्रकीटक आणि शत्रूकीटक ही वाटणी आपल्या धान्याच्या कोठीपाशी उभे राहून केलेली आहे. माव्याच्या जागी उभे राहिले तर ही अळी काळ आहे. सूनबाईने ती वालाच्या वेलावर सोडली, म्हणजे एका जिवाला वाचविताना शेकडो जिवांवर सोडली, हे तिलाही जाणवले आणि तिने तसे विचारलेही. माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. इतकेच म्हणाले की, तो मावा आणि ती अळी आपल्या आधीपासून एकमेकांच्या सोबत आहेत; त्यांच्या व्यवहारात आपण पंप घेऊन उतरतो तेव्हा मावा, अळी, मधमाशी, कोळी असे सगळेच एका दमात मरतात, आणि कधी पंप पाठीवर घेतलेला माणूसही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अकोला-अमरावतीच्या दवाखान्यांतही त्या दिवसांत असे रुग्ण आले. त्यांच्यातले कितीतरी जण रोजंदारीने दुसऱ्याच्या शेतात फवारत होते. टळू शकेल अशी एक फवारणी टळली, तर कोणाचे काय वाचते याचा हिशेब म्हणून नुसत्या माव्यापुरता राहत नाही.

फवारणी कधीच करू नये असे मी म्हणत नाही. ज्याचे वर्षाचे पोट कपाशीवर आहे त्याला शहरातल्या गच्चीवरून असा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण मोजल्याशिवाय करू नये, हे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची माणसेही सांगतात. शेतात तिरपे चालत जाऊन वेगवेगळ्या ठिकाणची झाडे निवडायची, प्रत्येकाची वरची, मधली, खालची पाने उलटून मोजायची. कपाशीवर पानामागे सरासरी १० मावा ही सर्वसाधारण धोक्याची पातळी मानतात. मोजणी करताना त्याच कागदावर ढालकिड्याची अंडी, अळ्या आणि कोष यांचाही रकाना ठेवावा. मावा पातळीच्या आसपास आहे आणि अळ्या भरपूर आहेत, तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा मोजावे. पाच टक्के निंबोळी अर्क हा त्यातल्या त्यात सौम्य उपाय, पण कोवळ्या अळ्यांना तोही अगदी निरुपद्रवी नसतो. म्हणून तोसुद्धा उगाच मारू नये.

घरापुरते सांगायचे तर भाजीत अशी अळी सापडली की तिला चिमटीत धरू नका. पानाचा तुकडा तिच्यापुढे धरा, ती आपणहून चढते. मग मावा असलेले झाड पाहून तिथे पान टेकवा. मुलांना दाखवायची असल्यास बाटलीत कोंडू नका. बाटलीत माव्याविना दोन अळ्या ठेवल्या तर सकाळी एकच उरते. त्यापेक्षा ज्या पानावर ती आहे त्याच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा आणि रोज शाळेतून आल्यावर तिथे जाऊन पाहू द्या. आमच्याकडे लाल दोरा आहे. पाठशाळेत कृमीला दोन, मुंगीला तीन आणि भ्रमराला चार इंद्रिये असे शिकून आलेल्या नातवाने त्या दोऱ्यापाशी उभे राहून मला विचारले, "आजी, मग हिला आता किती, आणि उडायला लागल्यावर किती?" भिंगातून तिचे बारीक डोळे त्याने पाहिले होते, त्यामुळे प्रश्न वाटला तेवढा सोपा नव्हता. महाराजांचा विहार अमरावतीवरून होईल तेव्हा विचारू, असे ठरले आहे.

यंदा पोळ्याला पुन्हा अकोटला गेले होते. जुने सालदार आता नाहीत. त्यांचा मुलगा बंधूंच्या शेतात काम पाहतो. कपाशीत मावा होता. त्याने एक पान उलटले, क्षणभर पाहिले आणि न तोडता हळूच सोडून दिले. मी विचारले, "काय होते?"

"मगरी हायेत, आत्याबाई," तो म्हणाला. "दादा म्हन्ले, मगरी दिसल्या तं सोमवारलोक पंप काढाचा नाही."

सोमवारी बंधूंचा फोन आला. पंप निघाला नव्हता.